आत्तीनं पाणी पसंत केलं

साताऱ्यात मी कुठल्या पेठेत राहायचं, हे शेवटी ज्या कारणानं ठरलं, ते आमच्या घरातल्या पुरुषांना कधीच कळलं नाही. खरं काय ते आम्हा तीन बायकांनाच ठाऊक होतं. त्यातल्या दोघी आता नाहीत. आबा नाहीत, तात्याही नाहीत, तेव्हा आता लिहायला कुणाची हरकत नसावी. आत्ती असती तर तिनं हे मला लिहू दिलं नसतं. किंवा लिहू दिलं असतं, माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं असतं आणि तोंडाला पदर लावून हसता हसता ठसका लावून घेतला असता. तिचा काही नेम नव्हता.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. आबा आणि तात्या तिला आक्का म्हणत. लग्न होऊन ती जत तालुक्यातल्या एका गावात गेली होती. तिथं जमीन पुष्कळ, मेंढरं पुष्कळ, पण उन्हाळ्यात घागरभर पाण्यासाठी अख्खी सकाळ खर्ची पडायची. पुढं टँकर आले, तेव्हा ती सकाळ टँकरची वाट बघण्यात जायला लागली. तिचे यजमान, आमचे मामा, वारल्यावर ती माघारी आमच्या गावी कुंडलला आली, ती येताना थोडी कानडी आणि पाण्याचं वेड घेऊन आली. कानडी ती फक्त म्हशीवर रागावताना वापरायची आणि म्हैस निमूट ऐकायची. पाण्याचं वेड मात्र आम्हा सगळ्यांना भोगावं लागायचं. कुणाच्या घरी गेली की ती आधी पाणी मागायची. तांब्या वर धरून घशात धार सोडायची, डोळे मिटायची, आणि मग त्या घराबद्दल जे काही बोलायची ते शेवटचं असायचं. तांब्यात थेंब ठेवायची नाही आणि दिलेलं पाणी कधी नाकारायची नाही. पाण्याला नको म्हणणं आणि उरलेलं पाणी फेकणं ही तिच्या लेखी पापं होती. आमच्याकडं विहिरीला दोन मोटारी होत्या, ऊस पाण्यात पाय सोडून उभा असायचा, तरी ती तोंड धुतलेलं पाणी भांड्यात धरून कढीपत्त्याला घालायची.

आमच्या घरात पहाटे सगळ्यांत आधी ऐकू यायचा तात्यांचा आवाज. तात्या म्हणजे धाकटे चुलते, पलटणीतून हवालदार होऊन सुटलेले. पलटण सुटली होती, सवय सुटली नव्हती. पोरं, गडी, कोंबड्या, सगळ्यांना ते हिंदीतून उठवायचे. त्यामागून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि त्यामागून आबांचं खाकरणं. आबा कमी बोलायचे. त्यांचा सगळा कारभार ‘बघू’ या एका शब्दावर चालायचा. उसाला तोड कधी, बघू. छपराचे पत्रे, बघू. मी बारावी झाले आणि म्हटलं, मला टायपिंग आणि शॉर्टहँड शिकायला साताऱ्याला पाठवा, तेव्हाही ते बघूच म्हणाले. पण त्याच आठवड्यात कवठे महांकाळहून एक स्थळ आलं. मुलगा नाकीडोळी नीटस होता, घरचा ट्रॅक्टर होता आणि त्याची मावशी आमच्या आईच्या माहेरची होती, म्हणजे निरोप रोज यायला लागले. आबा त्यांनाही बघूच म्हणाले. एकाच माणसाचे दोन बघू एकमेकांसमोर उभे राहिले आणि मला झोप येईना.

साताराच का, असं मला सगळ्यांनी विचारलं. सांगली जवळ होती, तिथंही क्लास होते. मी सांगायची की साताऱ्याच्या क्लासात इंग्रजी शॉर्टहँड चांगलं शिकवतात. खरं कारण निराळंच होतं. सांगलीला रोज अर्धं कुंडल बाजाराला जायचं. मी रस्त्यानं भेळ खाताना दिसले असते तर मी घरी पोचायच्या आधी ती भेळ घरी पोचली असती. आबांना सांगली नेमकी त्यासाठीच आवडायची आणि मला नेमकी त्यासाठीच नको होती. मला असं गाव हवं होतं जिथं माझं नाव कुणाला माहीत नाही, आणि पुढं कधीतरी एखाद्या कचेरीत माझं स्वतःचं टेबल हवं होतं, ड्रॉवर असलेलं. ड्रॉवरला कुलूप असलेलं. आज मागं वळून बघते तर त्या कुलपाचं मला इतकं काय पडलं होतं कळत नाही, कारण पुढं टेबल मिळालं तेव्हा त्या ड्रॉवरमध्ये मी फक्त शेंगदाणे ठेवले.

शेवटी एका संध्याकाळी जेवताना आबांनी निकाल दिला. ते म्हणाले, उद्या सगळे साताऱ्याला जाऊ. दिवसभर पेठा बघू. आक्काला जिथलं पाणी पसंत पडंल तिथं पोरगी ऱ्हाईल. न्हाईच पडलं, तर परवा कवठ्याच्या माणसांस्नी बोलावून घिऊ. एवढं लांबलचक वाक्य आबा वर्षातून एकदा बोलत, त्यामुळं ते मोडणं शक्य नव्हतं. मी आत्तीकडं पाहिलं. ती खाली मान घालून भाकरी कुस्करत होती. तिच्या मनात काय आहे ते मला त्या रात्री कळलं नाही आणि मी मनातल्या मनात साताऱ्यातल्या सगळ्या नळांना हात जोडले.

निघायचं म्हणून आईनं बरोबर भाकऱ्या, दही आणि खर्डा बांधून दिला होता. आईचा हिरव्या मिरचीचा खर्डा हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. त्यात ती मीठ आणि लसूण सढळ हातानं घालायची, आणि तो खाल्ल्यावर माणूस पाण्याशिवाय दुसऱ्या कशाचा विचार करू शकत नसे. कऱ्हाडच्या पुढं एका झाडाखाली जीप थांबवून आम्ही तो खाल्ला. आत्तीनं माझ्यापेक्षा जास्त खाल्ला. पुढं जे झालं त्याची सुरुवात तिथं झाली, पण तेव्हा आम्हाला वाटलं की आपण फक्त जेवतोय.

जीप तात्या चालवत होते आणि पेठा बघण्याची आखणीही त्यांनीच केली होती. तिला ते रेकी म्हणत. पहिला मान सदर बझारला, कारण तिथं पलटणीतली मोठी माणसं राहतात आणि शिस्त असते. एका बंगल्यात मागच्या बाजूला खोली होती. बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं, आतून ट्रे आला, ट्रेमध्ये काचेचे पेले, पेल्यात फ्रिजचं पाणी. आत्तीनं पेला उंच धरून धार सोडली. दात कळवळले असावेत, पण तिनं पेला रिकामा केला. बाईंनी अजून हवं का विचारलं. आत्ती पाण्याला नको म्हणत नाही. दुसरा पेलाही गेला. बाहेर आल्यावर जीपमध्ये चढता चढता ती म्हणाली, “पाणी गार हाय आणि बाई बी गार हाय.” सदर बझार संपलं. तात्यांना वाईट वाटलं, कारण त्यांनी त्या बंगल्याच्या फाटकापाशी उभं राहून एकदा सलामही ठोकला होता.

तिथून शाहूपुरी. नव्या घरांची वसाहत, एका निवृत्त मास्तरांचं घर, वर एक खोली. मास्तरांनी आम्हाला समोर बसवून नियम सांगितले. संध्याकाळी अमुक वेळेच्या आत यायचं, जोरात बोलायचं नाही, जिन्यावरून चालताना पायांचा आवाज नको. मी मान हलवत होते आणि आबांना ते नियम फारच आवडत होते. तेवढ्यात पाणी आलं, पाण्यामागून चहा आला. आमच्या भागात चहाला नको म्हटलं तर माणसं ते मनात धरून ठेवतात, म्हणून तो घेतला. मग मास्तरांच्या पत्नींनी घरचं कोकम सरबत आणलं, तेही घेतलं. आत्तीनं मास्तरांना विचारलं, हे पाणी कुठलं. मास्तर अभिमानानं म्हणाले, गच्चीवरच्या टाकीचं. आत्तीनं वर बघितलं, जणू टाकी तिला छतातून दिसत होती, आणि टाकीचं झाकण शेवटचं कधी उघडलं होतं असं विचारलं. मास्तरांना आठवेना. शाहूपुरीही गेली.

गोडोलीत तात्यांच्या पलटणीतला जोडीदार राहायचा. तिथं खोली नव्हतीच, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं, पण जोडीदार भेटल्यावर बसणं आलं, आणि बसल्यावर पाणी आलं, आणि चहा आला, आणि तात्यांनी सीमेवरच्या बर्फाच्या गोष्टी काढल्यावर दुसरा चहा आला. बाहेर पडलो तर कोपऱ्यावर उसाच्या रसाचं दुकान. आबांनी आयुष्यात कधी विकत रस प्यायला नव्हता. स्वतःच्या मळ्यात उभा असलेला ऊस दुसऱ्याच्या पेल्यात बघून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. पण तात्यांचा जोडीदार ऐकेना, साताऱ्याचा रस पिऊन जा म्हणाला. आबांनी पेला हातात घेतला, वास घेतला आणि हा कुठल्या जातीचा ऊस यावर दुकानदाराशी वाद घातला. आत्तीनं तेवढ्यात आपला पेला संपवला होता.

मला आता हे सगळं लिहिताना हसू येतं, पण त्या दिवशी मला काही सुचत नव्हतं. ऊन चढत होतं, पेठा एकामागून एक गळत होत्या आणि कवठे महांकाळचा ट्रॅक्टर माझ्या डोळ्यांसमोर यायला लागला होता. मुलगा वाईट नव्हता, हे मी पुन्हा सांगते. पुढं त्याचं लग्न झालं, त्याच्या मुलीच्या लग्नाला मी जाऊन जेवून आले. पण त्या दिवशी त्या ट्रॅक्टरवर मला बसायचं नव्हतं.

शनिवार पेठेत मात्र आशा वाटली. जुनं, स्वच्छ घर, म्हातारं जोडपं, अंगणात तुळस आणि पितळेच्या हंड्यात भरून ठेवलेलं पाणी. आजींनी सांगितलं की हे कासच्या तळ्याचं पाणी, डोंगरावरून येतं. आत्तीनं तांब्याभर पाणी प्यायलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग तिनं दुसरा तांब्या मागितला. आबा आणि तात्या एकमेकांकडं बघून हसले. पण तेवढ्यात आजोबांनी त्यांच्या पोटाच्या तक्रारी सांगायला सुरुवात केली, आणि ओघात हेही सांगितलं की मुलीनं सकाळी दोघांना काढा करून द्यावा, दुपारी औषधं आणावीत आणि रात्री त्यांच्या पायाला तेल लावावं, मग भाड्याचं काय ते बघता येईल. आत्तीनं तांब्या खाली ठेवला. बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, आक्का, पाणी तर चांगलं हुतं. आत्ती म्हणाली, पाणी चांगलं हाय, पण हे पोरगीला न्हाई, सुनंला बघत्यात.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या काळी गावाकडच्या बाईला सांगावी लागायची नाही. आमच्या कुंडलच्या घरात तेव्हा संडास नव्हता. त्यासाठी ओढा होता आणि ऊस होता. ऊस उभा असेपर्यंत आम्हा बायकांची सोय चांगली होती. ऊस तोडून गेला की मात्र पंचाईत व्हायची, आणि तोडीची तारीख पुरुष ठरवायचे ती निराळ्याच हिशेबानं. पण निदान आडोसा म्हणून काहीतरी होतं. आमच्यापैकी कुणीही, अगदी मीसुद्धा, या गोष्टीचा विचारच केला नव्हता की शहरात सगळं असतं पण ऊस नसतो. तात्यांना हा प्रश्न नव्हता. ते सदर बझारपासून दोनदा जीप थांबवून कुठल्या कुठल्या भिंतीआड गेले आणि शीळ घालत परत आले. आबाही गोडोलीत जोडीदाराच्या गोठ्याकडं जाऊन आले. आत्ती मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसली होती, दोन्ही हातांनी पुढचा बार धरून. तिची बडबड थांबली होती. मला वाटलं, ती माझ्यासाठी काळजी करतेय.

राजवाड्याच्या पुढं तात्यांनी जीप किल्ल्याच्या बाजूच्या एका उतारावर आणली. अजिंक्यताऱ्याच्या अंगाला चढत गेलेली ती एक बोळ होती. तिचं नाव सांगत नाही, कारण तिथं आमचं अजून जाणं-येणं आहे आणि तिथल्या माणसांना हे प्रकरण वाचून आपल्या बोळीची कीर्ती कशानं झाली ते कळायला नको. जीप खालीच थांबवावी लागली. वरून क्लॅरिनेटचा आवाज येत होता. कुणीतरी लग्नातल्या वरातीची एक चाल वाजवत होतं आणि दर खेपेला एकाच ठिकाणी अडकून परत सुरुवातीला येत होतं. खाली पानाच्या टपरीवर चौकशी केली तर कळलं की वर बँडवाल्यांची घरं आहेत आणि त्यातल्या एका घरात खोली भाड्यानं आहे. तात्यांनी ऐकून तिथल्या तिथं फुली मारली. पोरगी अभ्यास करणार कधी आणि झोपणार कधी, असं म्हणून ते जीप वळवायला लागले. आबांनी आकाशाकडं बघितलं. दिवस कलला होता. ते म्हणाले, बघू, आणि त्या बघूचा अर्थ घरी चला असा होता.

तेव्हा आत्तीनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की माझी एक बांगडी पिचली. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, “मंगे, मला आडोसा पायजे. आत्ताच्या आत्ता.”

मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा सकाळपासूनचे सगळे तांब्ये, पेले, चहा, सरबत आणि रस माझ्या डोळ्यांपुढून एका रांगेत गेले. मी विचारलं, इतक्या घरांत गेलो, कुठंच का नाही विचारलंस? तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू मी अगदीच खुळी आहे. ज्या घराचं पाणी आपण नापास करणार त्या घरात हे मागायचं तरी कसं, आणि भाऊ समोर बसलेले असताना तोंडातून काढायचं तरी कसं? मी आजूबाजूला पाहिलं. खाली रस्ता, टपरी, जीप आणि माझे दोन थोर नातेवाईक. वर बोळ. मी आबांना ओरडून सांगितलं की आम्ही वर जाऊन खोली बघून येतो, तुम्ही दोघं इथंच थांबा. आबा म्हणाले, आम्हीबी येतो. आत्तीनं मागं न बघता सांगितलं, “तुमी न्हाई यायाचं. बायकांनी बघायची गोष्ट हाय.” आणि ती चढायला लागली.

त्या बोळीला पायऱ्या होत्या, उंच आणि एकेक वेगळ्या मापाच्या. आत्ती दर पायरीला थांबत होती, ओठ घट्ट मिटून. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि हसलं तर आत्ती मला तिथंच मारेल अशी भीतीही वाटत होती. क्लॅरिनेट वर त्याच ठिकाणी अडकत होतं. तिनं एकदा चिडून वर बघितलं आणि म्हणाली, “त्येला म्हणावं, फुडं तरी जा बाबा.” मग आमची दोघींची मान खाली गेली, आणि आम्ही एकमेकींकडं न बघता चढत राहिलो.

पहिलंच जे दार उघडं दिसलं तिथं मी उभी राहिले. उंबऱ्यात एक बाई बसून तांदूळ निवडत होती. माझ्या आईच्या वयाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आत एक गृहस्थ पाठमोरे बसून क्लॅरिनेट वाजवत होते. मी तोंड उघडलं आणि मला काय बोलावं ते सुचेना. खोली आहे का म्हणावं, की दुसरंच काही म्हणावं? बाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं आत्तीकडं बघितलं. एकदाच, वरपासून खालपर्यंत. मग सूप बाजूला ठेवलं, उठली, मोरीतून पाण्यानं भरलेला डबा आणला, आत्तीच्या हातात दिला आणि म्हणाली, “मागच्या दारानं जावा. उजव्या हाताला हाय. कडी आतनं लागतीया.” कोण, कुठल्या, कशाला आलात, काही नाही. आत्ती गेली. बाईनं नवऱ्याला सांगितलं, जरा मोठ्यांदा वाजवा. तेही कुणाचं काही न विचारता मोठ्यानं वाजवायला लागले.

मी उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडायला लागले, कारण दुसरं काय करावं ते कळत नव्हतं. आत्ती आली ती हातपाय धुऊन, पदर सारखा करून, एखादं कार्य पार पाडून आलेल्या बाईसारखी. खांबाला टेकून बसली आणि तिनं एवढा लांब सुस्कारा सोडला की क्लॅरिनेट थांबलं. मग ती बाई, जिला मी पुढं इंदूकाकी म्हणायला लागले, आत्तीसमोर बसली. आमच्याकडं पाहुणा टेकला की पहिलं पाणी येतं, त्याशिवाय बोलणं सुरू होत नाही. मी वाट बघत होते. आत्तीही वाट बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच पाण्याची भीती पाहिली. इंदूकाकींनी तिच्याकडं बघितलं, मग कोपऱ्यातल्या माठाकडं बघितलं, आणि म्हणाल्या, “पाण्याचं आता इचारत न्हाई तुमास्नी.”

आत्ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग पदर तोंडाला गेला, मग तिला आवाज आवरेना. इंदूकाकीही हसायला लागल्या, मीही. तिघी हसून हसून इतक्या बेजार झालो की क्लॅरिनेटवाले काका उठून आतल्या खोलीत निघून गेले. आत्तीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात पायऱ्यांवर तात्यांच्या बुटांचा आवाज आला. दोघं भाऊ आम्हाला शोधत वर आले होते, धापा टाकत. आत्तीनं डोळे पुसले, चेहरा सरळ केला, आणि सकाळपासून जशी प्रत्येक घरात बसली होती तशी ताठ बसली.

आबांनी घर बघितलं, छोटी खोली बघितली, भिंतीवर टांगलेले बँडचे लाल कोट बघितले. तात्यांनी खिडकीतून खाली बघून सांगितलं की एवढ्या चढावर जीप येणार नाही, रसद पोचवायची कशी. आबांनी विचारलं, पोरगी या वाजवण्यात शिकंल कशी? त्यांच्या आवाजात मला कवठे महांकाळ ऐकू यायला लागलं. मग ते आत्तीकडं वळले आणि विचारलं, “आक्का, पाणी पिलीस?”

मी आत्तीकडं बघितलं. आत्ती पाण्याच्या बाबतीत खोटं बोलताना मी आजवर पाहिली नव्हती. पाण्याबद्दल खोटं बोललं की विहीर आटते, असं ती आम्हा पोरांना सांगायची. तिनं इंदूकाकींकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि आबांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, “पिले. लय गोड हाय. असलं पाणी आख्ख्या साताऱ्यात न्हाई. पोरगी हितंच ऱ्हाईल.”

आबांनी मान हलवली. त्यांनी दिलेला शब्द होता. तात्यांनी भाड्याचं बोलणं केलं आणि जाता जाता काकांना सांगितलं की त्या चालीत तुम्ही जिथं अडकता तिथं आमच्या पलटणीचा बँड कधी अडकायचा नाही. जीपकडं उतरताना आत्तीनं माझा हात धरला होता, आता हलक्या हातानं. पुरुष पुढं गेल्यावर ती थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “मला जतंला देताना घरावरलं पत्रं बघितलं, बैलं बघितली, जमीन बघितली. पाणी कुणी बघितलं न्हाई. आडोसा तर कुणाच्या ध्यानातबी आला न्हाई. मी सतरा वर्षांची हुते मंगे. अंधार व्हायाची वाट बघत बसायची मी, रोज.” मग तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, चल, न्हाईतर त्यो तात्या हारन वाजवंल. तात्यांनी हॉर्न वाजवलाच.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. कुंडलला पोचल्यावर आत्तीनं आबांना सांगितलं की घराच्या मागं संडास बांधायचा, आतून कडी लागणारा, आणि या वेळी बघू चालणार नाही. आबांनी तो बांधून घेतला. पुढं गावात तात्या सांगत फिरायचे की ही कल्पना त्यांचीच, पलटणीत अशी सोय असतेच. आत्तीनं त्यांना कधी खोडून काढलं नाही.

परवा माझी नात सई एका परक्या शहरात आठ दिवस राहायला जायचं म्हणून माझ्या शेजारी बसून मोबाईलवर जागा शोधत होती. कुठल्या भागात राहावं, हे तिला नकाशावर दिसत होतं, त्यावर माणसांनी तारे दिलेले होते, कुणी चार, कुणी साडेचार. मी म्हटलं, तिथल्या बाईला फोन लाव आणि कडी आतून लागते का ते विचार. ती म्हणाली, आजी, काहीतरीच. मी म्हटलं, तरी विचार. तिनं विचारलं. समोरची बाई हसली आणि म्हणाली, लागते. सईनं तीच जागा घेतली.

आणि त्या वेळची दुसरी गोष्ट. मी साताऱ्याला राहायला गेले, त्या पहिल्या संध्याकाळी ट्रंक ठेवून खाली बसले आणि इंदूकाकींनी माठातलं पाणी दिलं. त्या चढावर सगळे घरामागच्या आडाचंच पाणी वापरायचे. मी तांब्या तोंडाला लावला आणि माझं तोंड वाकडं झालं. मचूळ, नुसतं मचूळ. मिठाच्या गोणीवरून आल्यासारखं. काकी बाजूला बघून हसत होत्या. मी तो तांब्या संपवला. त्या मचूळ पाण्यावर, त्या अडकणाऱ्या क्लॅरिनेटच्या तालावर मी टायपिंग शिकले, आणि माझा वेग चांगला होता. आत्ती मला भेटायला यायची, कधी आबांबरोबर, कधी तात्यांबरोबर. आल्या आल्या आधी मागच्या दारानं जाऊन यायची. मग त्यांच्या समोर बसून तांब्या उंच धरायची, मचूळ पाण्याची धार घशात सोडायची, डोळे मिटायची, थेंब ठेवायची नाही, आणि दर खेपेला म्हणायची, “लय गोड हाय.”